दौंडला इंजिन का फिरायचे?

पुण्याहून मनमाडमार्गे उत्तरेला निघालेली गाडी अनेक दशके दौंडला शिरायची एका तोंडाने आणि निघायची मागच्या तोंडाने. पुढचे इंजिन सुटायचे, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जाऊन लागायचे, मग ब्रेकची तपासणी. तेवढ्यात फलाटावर चहावाल्यांची धांदल उडे.

याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ १८५८ मध्ये पुण्यापलीकडे डिकसळपर्यंत गेले आणि पुढे सोलापूर, रायचूर गाठत राहिले. कंपनीची दुसरी वाट कल्याणहून थळ घाट चढून मनमाड, भुसावळकडे जायची. दक्षिणेचा माल उत्तरेला न्यायचा तर बोरघाट उतरा, कल्याण गाठा आणि पुन्हा थळ घाट चढा! हा खटाटोप टाळण्यासाठी १८७८ मध्ये सुमारे २३५ किलोमीटरचा दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला. सोलापूरकडून येणारी गाडी सरळ मनमाडकडे लागावी, अशीच त्याची जोडणी होती. म्हणून बंगळूर–दिल्ली कर्नाटक एक्स्प्रेसला दौंडला तोंड फिरवावे लागत नाही.

पुण्याचा विचार त्या जोडणीत नव्हता. म्हणून पुण्याहून मनमाडला जाणाऱ्या गाडीला मात्र दौंडला तोंड फिरवावेच लागे.

मोठ्या उद्योगांचे परिवर्तन आखताना हल्ली ‘व्यवसाय क्षमता नकाशा’ काढतात. त्यात खाती आणि यंत्रे बाजूला ठेवून संस्थेला काय करता आले पाहिजे, तेवढेच आधी मांडायचे. दौंडचा असा नकाशा काढला, तर ‘पुण्याची गाडी मनमाडच्या मार्गाला लावणे’ ही क्षमता ठरते. इंजिन फिरवणे ही तिची एक रीत, तीही वेळखाऊ. वाफ गेली, डिझेल आले, २०१७ मध्ये पुणे–दौंड मार्गावर वीजही आली. कोळसा-पाण्याची व्यवस्था मोडीत निघाली, पण नवे इंजिनही जुन्यासारखेच फिरत राहिले. यंत्र बदलून हा थांबा टळणारा नव्हताच.

तो टळला कॉर्ड लाइनने. स्थानकाबाहेरून पुण्याचे रूळ थेट मनमाडच्या रुळांना जोडले गेले आणि गाड्या तोंड न फिरवता जाऊ लागल्या. बारामतीच्या बाबतीतही असेच घडले. १९१४ पासूनची अडीच फुटी रुळांवरची गाडी दौंडला माल उतरवून पुन्हा भरायला लावी. मार्ग रुंद झाल्यावर ते कामच उरले नाही.

कॉर्ड लाइनने जाणारी गाडी मात्र दौंडच्या मुख्य स्थानकात येत नाही. गावच्या प्रवाशाला ती पकडायला वेगळ्या स्थानकावर जावे लागते. ‘दौंडकराला गाडीत बसवणे’ हीसुद्धा या जंक्शनची क्षमताच आहे. नव्या स्थानकापर्यंतची वाहने, सावली, पाणी आणि रात्रीचे दिवे यांचा हिशेब रुळांच्या आराखड्यातच व्हायला हवा.