अ‍ॅल्युमिनियमची शर्यतीची सायकल



खेड्यात आपण ज्याला 'जर्मन' म्हणतो आणि ज्याची पातेली घरोघरी चुलीवर चढतात, तो धातू म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचा. मग त्याची सायकल केली की ती आपोआप हलकी आणि वेगवान होणार, असे कुणालाही वाटेल. पण नुसता धातू बदलून भागले नाही, घडणच बदलावी लागली. शर्यतीची सायकल घेऊ पाहणाऱ्या तरुणाने एवढे ध्यानात ठेवले, तर घरच्यांच्या कष्टाचा पैसा वाया जाणार नाही आणि घाटाच्या उतारावर जिवाशी खेळही होणार नाही.

१८८६ पर्यंत हा धातू फार महाग होता. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या बावीस-तेवीस वर्षांच्या दोघा तरुणांनी, एकमेकांच्या नकळत, विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात काढण्याची एकच रीत शोधली. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेतील सेंट लुई शहरात ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची सायकल निघालीही. परंतु पोलादापुढे तिचा निभाव लागला नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ. पातेल्याला पोचा पडतो तो आपण पाहतोच. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना आढळले, की तांबे व थोडे मॅग्नेशियम मिसळून तापवलेला आणि एकदम थंड केलेला हा धातू काही दिवस नुसता ठेवला तरी कठीण होतो. हेच ड्युरॅल्युमिन.

या कठीण धातूचा शिरकाव आधी सुट्या भागांत झाला. १९३३ मध्ये फ्रान्सच्या स्ट्राँगलाइट कंपनीने कॉटरशिवाय बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक काढला. १९३४ च्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीत विजेत्या आंतोनँ मान्य याच्या चाकांना ड्युरॅल्युमिनच्या रिम होत्या. कुणाला कळू नये म्हणून त्यांना लाकडासारखा रंग दिला होता, असे सांगतात!

फ्रेमचे कोडे मात्र पुढे चाळीस वर्षे नीट सुटले नाही. कारण हा धातू पोलादाच्या तिप्पट लवचिक. पोलादाइतक्याच बारीक नळ्या घेऊन १९७० नंतर इटलीत व फ्रान्समध्ये फ्रेमी चिकटवल्या गेल्या. आयर्लंडच्या शॉन केलीने अशा सायकलवर मोठमोठ्या शर्यती जिंकल्या; तरी जोर लावला की त्या लवतात, ही तक्रार राहिलीच. उत्तर आपल्या बांबूत आहे. त्याच वजनाची भरीव काठी वाकते, पोकळ आणि रुंद बांबू ताठ राहतो. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, ताठपणा मात्र आठपट! अमेरिकेत गॅरी क्लाइन यांनी याच हिशेबाने जाड नळ्यांच्या फ्रेमी केल्या. १९८३ मध्ये कॅननडेल कंपनीने तशा सायकली बाजारात आणल्या. १९९८ मध्ये मार्को पांतानी याने अ‍ॅल्युमिनियमच्या बियांकीवर 'टूर द फ्रान्स' जिंकली. पुढे मोठ्या शर्यतींत कार्बनचे दिवस आले. तरी बेताच्या पैशात शर्यतीची सायकल हवी, तर अ‍ॅल्युमिनियम आजही उत्तम.

आता निवड. पहिली गोष्ट, फ्रेमचे माप. सायकल आपल्या अंगाला बसली नाही, तर बाकी सारे व्यर्थ. दुसरी, चाके, फ्रेमीच्या वजनात थोडी बचत करण्यापेक्षा चाके सरळ, घट्ट आणि हलकी असणे मोलाचे. तिसरी, सांधे. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना? पोलादावर ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी ते सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. म्हणून जुनी सायकल घेताना हँडलखालचे आणि पायडलजवळचे सांधे फडक्याने पुसून, उजेडात धरून पाहा. केसाएवढी चीर दिसली, तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. वाकलेली फ्रेम ठोकून सरळ करून घेऊ नका. आणि ब्रेकच्या रबराने रिमची कड झिजून पातळ झाली आहे का, तेही बोट फिरवून पाहा. दुकानदार वजनकाटा दाखवील. तुम्ही आधी सांधे दाखवायला सांगा.