प्रयोगशाळेतील माकडे आणि ‘प्रकृतमाना’चा प्रश्न

१९३१ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये काळा आजाराच्या संशोधनासाठी सिंगापूरहून आणलेल्या एका लांब शेपटीच्या माकडाच्या रक्तात हिवतापवर्गातील परोपजीवी जंतू आढळले. माकड वरकरणी धडधाकट होते. नेपियर व कॅम्पबेल यांनी तेच रक्त इतर माकडांना टोचले. त्यांत उत्तर भारतातील तांबड्या तोंडाचे माकड, म्हणजे ऱ्हीसस, हेही होते. ऱ्हीससच्या रक्तात जंतू इतक्या वेगाने वाढले की रोगाने उग्र रूप धारण केले. काही जातींच्या माकडांत या जंतूमुळे तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन मूत्रावाटे जाते, असे त्या दोघांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नोल्स व दासगुप्त यांनी हा जंतू मनुष्यासही बाधतो हे दाखविले आणि पुढे त्यास नोल्स यांचेच नाव मिळाले.

ही दोन माकडे एकाच प्रजातीतील होत; इंडोचीनमध्ये त्यांचा संकरही होतो. तरीही एकाच्या रक्तात जो जंतू मुकाट्याने नांदतो तोच दुसऱ्याच्या जिवावर उठतो. म्हणजे ‘माकडाचे रक्त’ ही एक संज्ञा नव्हेच. शिवाय, सिंगापूरचे ते माकड कोणी निरोगी म्हणून मोजमापास घेतले असते, तर त्याचे आकडे बिनबोभाट कोष्टकात गेले असते!

‘नॉर्मल’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ सुताराचा गुण्या. गुण्या मात्र मोजताना बदलत नाही; माकड बदलते. जाळ्यात धरताना ते घाबरले की रक्तातील पांढऱ्या पेशी व साखर वाढते. केटामिन टोचून गुंगविल्यास लसिकापेशी घटतात. तेव्हा रक्त कसे काढले हे न सांगणारे कोष्टक अपुरेच मानावयास हवे.

मूत्राची गोष्ट निराळी. ऱ्हीसस व त्याचे आप्त युरिक आम्लाचे अ‍ॅलन्टॉइनमध्ये रूपांतर करून ते बाहेर टाकतात. मनुष्याने व मानवसदृश कपींनी हे विकर गमावले आहे. येथे मानवी प्रमाण लावणे सर्वथा गैर होय. दक्षिण अमेरिकेतील स्क्विरल माकडाच्या रक्तातील कॉर्टिसोल मनुष्याच्या कित्येक पट असते, आणि तरीही त्याला रोग नसतो, कारण त्याच्या पेशी त्या संप्रेरकास मंदपणे प्रतिसाद देतात.

भारताने १९७८ मध्ये ऱ्हीससची निर्यात बंद केली. परदेशी प्रयोगशाळा मोठ्या प्रमाणावर लांब शेपटीच्या माकडाकडे वळल्या; आणि ऱ्हीससवर बेतलेली जुनी कोष्टके बाजूला ठेवून, कलकत्त्यात ज्याच्या रक्ताने हा भेद उघड केला होता त्याच जातीची मोजमापे नव्याने घेणे त्यांना भाग पडले.