‘गुडमार’ : नाव आणि परीक्षण

वनौषधींची नावे हा भाषाभ्यासकाने वैद्यांकडे सोपवून मोकळे व्हावे असा विषय नव्हे. मधुमेहावरील एका वनस्पतीच्या परीक्षणाचा इतिहास चाळताना हे मला विशेषत्वाने जाणवले. ती वनस्पती म्हणजे ‘जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे’ ही वेल. मराठीत तिला कावळी वा बेडकुळी म्हणतात. बाजारात व औषधांच्या वेष्टनांवर मात्र ती ‘गुडमार’ असते.

‘गुडमार’ हा शब्द मराठीच्या घडणीचा नाही. हिंदीतील ‘गुड़’ तो मराठीत ‘गूळ’. तेव्हा हे नाव आपल्याकडे घडते, तर ते ‘गुळमार’ झाले असते. अर्थ उघड आहे : गुळाला मारणारी. पण हा गूळ कोठला? जिभेवरचा की रक्तातला? पुढील परीक्षणांचे सारे मर्म या प्रश्नात साठवले आहे.

ज्यांनी पाने प्रत्यक्ष चघळली, त्यांची साक्ष निःसंदिग्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एजवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याला पाने चघळल्यावर साखरेची गोडी लागेना. १८८७ साली उटकमंडचे सरकारी रसायनज्ञ डेव्हिड हूपर यांनी पानांतील ‘जिम्नेमिक आम्ल’ वेगळे काढले. त्यांच्या अनुभवात साखर वाळूसारखी लागली. खारट व आंबट चवी मात्र अबाधित राहिल्या. म्हणजे नाव तंतोतंत खरे होते, पण जिभेपुरते.

जिभेवरून रोगापर्यंतची उडी शब्दानेच सोपी केली असावी. ‘मधुमेह’ हे नावही मूत्राच्या गोडीवरून पडलेले. एका शब्दात गोडीचा अतिरेक, दुसऱ्यात गोडीचा नाश. दोन्ही शेजारी ठेवताच उपचार जणू आपोआप सिद्ध होतो! ‘मधुनाशिनी’ हे संस्कृत नाव याच तर्काचे अपत्य असावे, असा माझा कयास आहे.

१९२२ साली इन्सुलिन रुग्णांस दिले जाऊ लागल्यावर तुलनेस एक निश्चित माप मिळाले. १९२८ मध्ये कलकत्त्यास चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांवर केलेले प्रयोग निराशाजनक ठरले. १९३० साली डॉ. म्हसकर व फादर काइअस यांचा प्रबंध निघाला. त्यांना प्राण्यांत रक्तशर्करा उतरलेली आढळली. मात्र हा परिणाम प्रत्यक्ष नसून स्वादुपिंडातील इन्सुलिनचा स्राव वाढल्याने होतो, असा त्यांचा अभिप्राय होता. हे मला फार महत्त्वाचे वाटते. वेल उपयोगी असलीच, तर ती नावात सांगितलेल्या कारणाने नव्हे! १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी २२ रुग्णांस १८ ते २० महिने पानांचा अर्क चालू औषधांच्या जोडीने दिला. पाच जणांची नेहमीची औषधे थांबवता आली. पण अर्काऐवजी निष्क्रिय गोळ्या घेणारा तुलनागट, तोही यदृच्छेने निवडलेला, तेथे नव्हता. मग श्रेय अर्काचे किती आणि पथ्याचे किती, हे कसे ठरवावे?

याहून मूलभूत अडचण वनस्पतीच्या ओळखीची आहे. संस्कृत ग्रंथांतील ‘मेषशृंगी’ म्हणजेच गुडमार, असे सर्रास लिहिले जाते. हे नाव मेंढ्याच्या शिंगासारख्या आकारावरून पडलेले आहे. त्यात गोडीचा गंधही नाही. शिवाय महाराष्ट्रात ‘मेडशिंगी’ म्हणून जो वृक्ष दाखवतात, तो ‘डोलिकॅन्ड्रोन फाल्काटा’, अगदी वेगळ्या कुळातला. तेव्हा मेषशृंगीविषयीचे प्राचीन वचन गुडमारच्या बाजूने पुढे करणाऱ्याने ते वचन वेलीचे की वृक्षाचे, हे आधी दाखवले पाहिजे.