पाण्याखालच्या गावठाणाची नोंद

पळसदेव हे इंदापूर तालुक्यातील भीमाकाठचे जुने गाव. सन 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे जुने गावठाण यशवंतसागर जलाशयात गेले व ग्रामस्थ पुणे-सोलापूर रस्त्यालगत येऊन वसले. श्री पळसनाथाचे हेमाडपंती देवालय मात्र जागीच राहिले. टंचाईच्या उन्हाळ्यात आधी त्याचे शिखर, मग मंडप उघडा पडतो आणि लांबलांबून मंडळी पाहावयास येतात.

देवळावर पुष्कळांनी लिहिले. गावाचा अलीकडचा इतिहास कोठे शोधावा? भूसंपादनाच्या निवाड्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र व मोबदल्याची रक्कम मिळते. फेरफारात वारस मिळतात. परंतु कोणाचे दार कोणासमोर होते, पाणवठ्याची वाट कोणत्या आळीतून जाई, हे कोणत्याही उताऱ्यात नाही. त्या वाटेने रोज घागरी वाहिलेल्या सासुरवाशिणींना ते पाठ असते, आणि नेमकी त्यांचीच नावे जुन्या दप्तरात क्वचित सापडतात. ते गाव जाणतेपणी पाहिलेली माणसे आज सत्तरीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. पुढील खेपेस पाणी ओसरताच त्यांना जुन्या जोत्यांपर्यंत न्यावे, घरागणिक विचारून नकाशा काढावा व त्याची एक प्रत देवळात ठेवावी.