हिंदूरावची टेकडी, दीवचा समुद्र

दिल्लीतल्या बाडा हिंदूरावचा गोंगाट मागे टाकून तुम्ही रिजची चढण चढता आणि रुग्णालयाची इमारत डोळ्यांसमोरून विरते. १८५७च्या उठावातला जून. समोर हिंदूराव घाटग्यांची कोठी. कागलचे घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे बंधू. ते आता हयात नाहीत. व्हरांड्यात कंपनी सरकारच्या सिरमूर पलटणीचे गुरखे, कमरेला खुकरी. शहराच्या तटावरून तोफा धडाडतात, भिंतीचे तुकडे तुमच्या पायाशी पडतात.

कंपनीचं सैन्य जिंकतं. १८६३ साली इंग्रज याच टेकडीवर तांबड्या दगडाचा स्मारक-मनोरा उभारतात. जिंकणाऱ्यांना घाई असते! त्यावरच्या लेखात ‘शत्रू’ म्हटलेली माणसं स्वातंत्र्यासाठी लढत होती, हे सांगणारी पाटी लागायला मात्र १९७२ उजाडतं.

आता गुरख्यांच्या कमरेच्या त्या खुकरीचं नाव मिरवणाऱ्या भारतीय युद्धनौकेवर या. ९ डिसेंबर १९७१, भारत-पाकिस्तान युद्ध चालू. काल मुंबईहून निघालेली ‘खुकरी’ दीवपासून चाळीसेक सागरी मैलांवर पाणबुडी शोधते आहे, सोबत ‘कृपाण’. नव्या सोनार उपकरणाच्या चाचणीसाठी वेग कमी ठेवलेला. त्यावर पुढे बरेच वाद होणार आहेत. रात्री पावणेनऊच्या सुमारास पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीचा टॉर्पेडो तळाशी फुटतो. दिवे जातात. डेक कलतो, तुमचे पाय तेलावरून घसरतात, हाताला कठडा सापडत नाही.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडण्याचा हुकूम देतात. स्वतःचं लाइफ जॅकेट एका नाविकाला देऊन टाकतात, जमतील तितक्यांना बाहेर काढतात आणि पुन्हा ब्रिजवर जातात. त्यांच्या हातात शेवटी सिगारेट होती, असं सांगतात. लोकांना ती सिगारेटच जास्त आठवते. मला विचाराल तर गोष्ट त्या जॅकेटची आहे.

काही मिनिटांत खुकरी बुडते. १८ अधिकारी, १७६ नाविक गेले. तुम्ही काळ्या पाण्यात हात मारत राहता. ‘कच्छल’ ही नौका येऊन उचलते तेव्हा दुसरा दिवस उजाडलेला असतो. वाचलेले ६७. मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळतं.

मग थेट १५ डिसेंबर १९९९. दीवच्या टेकडीवर खुकरीचं स्मारक खुलं होतं आहे: काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती, समोर तोच अरबी समुद्र. दिल्लीच्या मनोऱ्याला सहा वर्षं लागली होती, इथे अठ्ठावीस. पण हरलेल्या रात्रीचं स्मारक उभारायला वेगळीच हिंमत लागते, आणि नौदलाने ती दाखवली. माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या नौकेलाही त्यांनी ‘खुकरी’च नाव दिलं होतं. ती २०२१च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि संग्रहालय करण्यासाठी दीवच्याच हवाली केली गेली.