घरच्या घरी ग्रॅनोला बार : साहित्य, पाक आणि गोडाचा हिशेब

प्रतिनिधी, दिंडोरी

शाळेचा डबा, कार्यालयातील दुपारची भूक, गडावरची चढण किंवा एस.टी.चा लांबचा प्रवास अशा वेळी हातात चटकन घेता येणारा खाऊ म्हणून ग्रॅनोला बार शहरी घरांत रुळला आहे. चकचकीत वेष्टनातील हा पदार्थ परदेशी वाटत असला, तरी ओट्स वगळता त्यातील जवळजवळ सर्व जिन्नस आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत. शेंगदाणे, तीळ, गूळ, राजगिरा आणि बेदाणे यांपासून अशी वडी घरी तासाभरात लावता येते. पुढे ती गार होण्यास दोन तास द्यावे लागतात. मात्र घरी केला म्हणजे तो आपोआप पौष्टिक झाला, असे नाही. गूळ किती घातला आणि एका वडीत तो किती आला, हे मोजले तरच घरी करण्याला अर्थ आहे.

नाव कोठून आले?

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात डॅन्सव्हिल येथे आरोग्यधाम चालविणारे डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी १८६३ मध्ये कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठापासून एक भाजका पदार्थ तयार केला. तो इतका कडक असे, की रात्रभर दुधात भिजविल्याखेरीज खाता येत नसे. त्याला 'ग्रॅन्युला' म्हणत. पुढे मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तसाच पदार्थ काढला. नावावरून वाद झाल्यावर त्यांनी तो 'ग्रॅनोला' या नावाने विकण्यास प्रारंभ केला. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ओट्स, सुकामेवा आणि मध घातलेला ग्रॅनोला अमेरिकेत लोकप्रिय झाला आणि त्यानंतरच्या दशकात त्याच्या बांधीव वड्या बाजारात आल्या.

चिक्कीची धाकटी बहीण

आपल्याकडील चिक्की आणि ग्रॅनोला बार यांचे तत्त्व एकच. भाजलेले कोरडे जिन्नस गोड पाकाने बांधायचे. फरक आहे तो पाकाच्या आचेत. चिक्कीचा पाक सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. त्यातील जवळजवळ सर्व पाणी उडून जाते आणि गार झाल्यावर तो काचेसारखा तडकतो. बारसाठी पाक ११२ ते ११६ अंशांवरच थांबवावा लागतो. त्यात थोडे पाणी शिल्लक राहते, म्हणून वडी दातांखाली मऊ लागते. घरी तापमापक नसला तरी अडत नाही. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकावा. बोटांनी गोळा केल्यावर त्याची मऊ गोळी झाली की बारचा पाक तयार. थेंब कट्कन मोडू लागला, तर ती चिक्की.

गूळ निवडतानाही हा भेद ध्यानात ठेवावा. दुकानात 'चिक्कीचा गूळ' म्हणून मिळणारा गूळ लवकर कडक होतो. बारसाठी रोजच्या वापरातला मऊ गूळ घ्यावा.

दिंडोरीचा बेदाणा

बारमधील बेदाण्यासाठी दिंडोरीकरांना दूर जावे लागत नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाडप्रमाणेच दिंडोरी हाही द्राक्षांचा तालुका. शेतकऱ्यांची 'सह्याद्री फार्म्स' ही उत्पादक कंपनी याच तालुक्यातील मोहाडी येथे आहे. येथील द्राक्षांचा मुख्य ओढा ताज्या फळाच्या विक्रीकडे आणि निर्यातीकडे. राज्यात बेदाण्याची मोठी बाजारपेठ सांगली-तासगावची. कोरड्या हवेमुळे तिकडे हा व्यवसाय वाढला. तरीही नाशिककडे ताज्या मालाला उठाव नसला, की बेदाण्याचा आधार घेतला जातो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा येथील हंगाम भरात होता. त्या वेळी अनेक बागायतदारांनी घड बेदाण्याकडे वळविले होते.

एक किलो बेदाण्यासाठी साधारण चार किलो द्राक्षे लागतात. ताज्या मण्यात सुमारे ८० टक्के पाणी असते, तर बेदाण्यात ते १५ टक्क्यांच्या आसपास उरते. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवून सावलीत जाळ्यांच्या मांडणीवर पसरतात. या द्रावणामुळे सालीवरील मेणचट थर सैल होऊन पाणी लवकर बाहेर पडते आणि साधारण दोन आठवड्यांत माल तयार होतो. पिवळाधमक रंग राखण्यासाठी पुष्कळदा गंधकाची धुरी देतात. गंधकाच्या अंशाचा दम्याच्या काही रुग्णांना त्रास होऊ शकतो. त्यांनी धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा पाहून घ्यावा.

साहित्य (सुमारे ४० ग्रॅमच्या १६ वड्यांसाठी)

रोल्ड ओट्स १५० ग्रॅम
शेंगदाणे १०० ग्रॅम
तीळ ३० ग्रॅम
जवस २० ग्रॅम
राजगिऱ्याच्या लाह्या ३० ग्रॅम
बेदाणे ६० ग्रॅम
बिया काढलेला मऊ खजूर १०० ग्रॅम
गूळ १२० ग्रॅम
तूप ३० ग्रॅम
पाणी ३ मोठे चमचे
मीठ चिमूटभर, सुंठ किंवा वेलची पूड आवडीनुसार

पेठ, सुरगाणा आणि दिंडोरीच्या पश्चिम पट्ट्यात पिकणारी नागली वापरायची असल्यास ३० ग्रॅम ओट्स कमी करून तेवढेच खमंग भाजलेले नागलीचे पीठ घ्यावे. त्याहून अधिक घेतल्यास पीठ पाक शोषते आणि वडी भुगभुगीत होते. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हा तिचा मोठा गुण. ओट्स नको असतील, तर भाजलेले पातळ पोहे किंवा ज्वारीचे पोहे चालतात.

कृती

१. ओट्स जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आठ ते दहा मिनिटे भाजावेत. रंग किंचित बदलून खमंग वास येऊ लागला की काढावेत. ही पायरी गाळल्यास वडी कच्चट लागते.

२. शेंगदाणे भाजून, साले काढून भरड कुटावेत. तीळ आणि जवस तडतडेपर्यंत वेगवेगळे भाजावेत. लाह्या भाजण्याची गरज नाही.

३. बेदाणे धुतले असतील, तर कापडावर पूर्ण कोरडे करावेत. ओलसर बेदाण्यामुळे वडी सुटते आणि तिला बुरशीही लवकर येते.

४. तुपात बारीक चिरलेला खजूर तीन-चार मिनिटे परतून मऊसर लगदा करावा.

५. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा आणि मध्यम आचेवर उकळावा. वर सांगितल्याप्रमाणे मऊ गोळी होताच आच बंद करून त्यात खजूर, मीठ आणि सुंठ मिसळावी.

६. लगेच सर्व कोरडे जिन्नस घालून ढवळावे; बेदाणे शेवटी घालावेत. वीस सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या, तूप लावलेल्या ताटात मिश्रण ओतून सपाट बुडाच्या वाटीने जोर देऊन थापावे.

७. वीस मिनिटांनी कोमट असताना सुरीने दहा सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद अशा १६ वड्यांच्या रेषा पाडाव्यात. दोन तासांनी पूर्ण गार झाल्यावर वड्या सुट्या कराव्यात.

बिघडले तर

वडीचा चुरा झाला, तर पाक कच्चा राहिला किंवा मिश्रण नीट दाबले गेले नाही, असे समजावे. चुरा टाकून देऊ नये. दुधात किंवा दह्यात तो उत्तम लागतो. वडी दगडासारखी झाली, तर पाक पुढे गेला. हाताला चिकटत असेल, तर पाकात पाणी अधिक उरले आहे. अशा वड्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात आणि लवकर संपवाव्यात.

गोडाचा हिशेब

वरील प्रमाणात एका वडीत अंदाजे १६५ ते १७० कॅलरी आणि चार ग्रॅम प्रथिने येतात. गूळ येतो साडेसात ग्रॅम. खजूर आणि बेदाण्यातील साखर वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर आणि मध, पाक, फळांचा रस यांतील साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांहून कमी असावी; पाच टक्क्यांहून कमी, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, असल्यास अधिक चांगले. दोन वड्या आणि एकेक चमचा साखरेचे दोन चहा झाले, की मोठ्या माणसाची ही मर्यादा गाठली जाते. लहान मुलांची मर्यादा याहून कमी. त्यामुळे 'गुळाचे आहे, कितीही खा' हे म्हणणे बरोबर नाही. मधुमेहींसाठी गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही.

विकतचा बार घेताना घटकांची यादी वाचावी. भारतात ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. आरंभीच्या दोन-तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप किंवा इन्व्हर्ट सिरप असेल, तर तो पौष्टिक वडीपेक्षा मिठाईच्या जवळचा आहे. वरून घातलेल्या साखरेचा आकडाही पोषणतक्त्यात पाहावा.

साठवण आणि खबरदारी

हवाबंद डब्यात या वड्या आठवडाभर, तर फ्रीजमध्ये दोन ते तीन आठवडे टिकतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र फ्रीजच बरा. उन्हाने तूप सुटते आणि शेंगदाणे-जवस खवट होतात. बुरशी आलेले, काळपट किंवा सुरकुतलेले शेंगदाणे निवडून फेकावेत. त्यांतील अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्यानेही पूर्ण नष्ट होत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी त्याऐवजी भाजलेले डाळे घ्यावे. चार-पाच वर्षांखालील मुलांना दाण्यांचे तुकडे घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी दाण्यांचे बारीक कूटच वापरावे आणि वडी मोठ्यांच्या देखत द्यावी. गुळाऐवजी मध वापरल्यास एक वर्षाखालील बाळाला ती मुळीच देऊ नये.

घरगुती उद्योग म्हणून वड्या विकायच्या असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक असते. पाकिटावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख आणि शेंगदाणे व तीळ असल्याचा ठळक उल्लेख असावा.