काखेत कळसा : न दिसणाऱ्या तबकडीचा इतिहास



काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण सारे जाणतो. संगणक वापरणाऱ्यावर तसा प्रसंग पुष्कळदा ओढवतो. हार्ड डिस्क, म्हणजे माहिती साठविण्याची तबकडी, पेटीत बसविलेली असते, तिची घरघर कानांवर येत असते, आणि तरीही संचालन प्रणाली तिची दखल घेत नाही. त्या तबकडीत वर्षानुवर्षांचे हिशेब किंवा घरातील गेलेल्या माणसांची छायाचित्रे असली, की धीर सुटतो. आणि धीर सुटला की हातून नेमकी ती चूक घडते, जी पुढे निस्तरता येत नाही. ती टळावी म्हणून या न दिसण्यामागचा इतिहास जाणून घेणे उपयोगाचे आहे.

चुंबकीय तबकडी प्रथम बाजारात आली ती १९५६ साली. आयबीएम कंपनीच्या रॅमॅक यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांत मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. एवढे अवजड यंत्र हरवणार तरी कोठे? तबकडी हरवण्याचा प्रश्न उत्पन्न झाला तो पुढे, यंत्राला नाव देण्याची प्रथा पडल्यावर.

ही प्रथा युनिक्सने रूढ केली. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी या प्रणालीस आरंभ केला. प्रत्येक उपकरण हे फाइलीसारखेच वाचता-लिहिता यावे, असा त्यांचा विचार होता. त्यासाठी ‘डेव्ह’ नावाच्या निर्देशिकेत प्रत्येक उपकरणाची एक विशेष फाइल असे. तिच्यात माहिती नसे, केवळ दोन अंक असत : एक कोणता ड्रायव्हर वापरावयाचा ते सांगणारा, दुसरा त्या जातीचे कितवे उपकरण ते सांगणारा. ही फाइल व्यवस्थापक स्वतः ‘एमकेनोड’ या आज्ञेने निर्माण करी. अंक चुकला तर तबकडी जागच्या जागी असूनही तिच्यापर्यंत जाण्याची वाट बंद होई. वस्तू वेगळी आणि वस्तूचे नाव वेगळे, हा भेद येथे प्रथम प्रत्ययास आला.

१९८१ साली बर्कलेच्या ४.१ आवृत्तीने पुढचे पाऊल टाकले. आरंभीच कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एकेका उपकरणास हाक मारून ओ मिळते की नाही ते पाहू लागला. तथापि ज्याचा ड्रायव्हर कर्नेलात नाही, त्याने ओ दिली तरी ती समजावी कशी? २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जाहीर केली, तेव्हा एटी जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरी कोणतीही तबकडी तीत बहुधा कधीच चालणार नाही, असे त्याने प्रांजळपणे लिहिले होते. कारण त्याच्यापाशी तेवढीच होती! तीच लिनक्स प्रणाली आज अगणित जातींची उपकरणे ओळखते.

मधल्या काळात अडचणी निराळ्याच होत्या. एका केबलवर दोन तबकड्या जोडीत. त्यांतील एक ‘मास्टर’ व दुसरी ‘स्लेव्ह’ ठरविण्यासाठी इवलीशी टोपी योग्य टोकांवर बसवावी लागे. दोन्ही मास्टर झाल्या, की दोन्ही दिसेनाशा होत. बायोसच्या जुन्या हिशेबात १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर एवढेच मावत असल्यामुळे ५२८ मेगाबाइटांपलीकडचा भाग अदृश्य राही. ही मर्यादा ओलांडली, तर पुढे १३७ गिगाबाइटांची भिंत उभी राहिली.

यानंतर नावांचा घोळ आला. तबकड्या काढता-घालता येऊ लागल्या, आणि आज ‘एसडीए’ असलेली उद्या ‘एसडीबी’ होऊ लागली. २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘यूडेव्ह’ पुढे आणले. उपकरण जोडले गेल्याची वर्दी कर्नेलाने द्यावी आणि नाव यूडेव्हने ठेवावे, अशी ही वाटणी होय. फाइल-व्यवस्थेवर कोरलेल्या यूयूआयडी या दीर्घ क्रमांकाने तबकडीचा भाग ओळखण्याची रीतही रुळली. नाव बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही.

या सर्व इतिहासातून शोधाचा क्रम आपोआप हाती येतो. पहिली पायरी वस्तूची : वीज पोहोचते काय, केबल घट्ट आहे काय, आणि संगणकाच्या बायोसला तबकडी दिसते काय? तेथेच दिसत नसेल, तर प्रणालीस दोष देण्यात अर्थ नाही. दुसरी पायरी ड्रायव्हरची : ‘डीमेसेज’ ही आज्ञा कर्नेलाची रोजनिशी उघडून दाखविते, तीत तबकडीची नोंद आहे काय ते पाहावे. आधुनिक संगणकात बायोसमध्ये रेड पद्धत निवडलेली असल्यास एनव्हीएमई तबकडी कधी कधी त्या नियंत्रकाआड दडते. मात्र जुनी प्रणाली त्याच पद्धतीवर चालत असेल, तर पूर्वतयारीवाचून ती पद्धत बदलू नये. बदलल्यास ती सुरू न होण्याचा संभव असतो. तिसरी पायरी नावाची : ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने दिसणाऱ्या यादीत तिचे नाव आहे काय? चौथी पायरी फाइल-व्यवस्थेची : नाव आहे, पण ती जोडलेली नाही, अथवा तिच्यावर अद्याप विभागच पाडलेले नाहीत, असे तर नव्हे?

साखळी कोठे तुटली हे कळेपर्यंत एक पथ्य पाळावे. पडद्यावर ‘फॉरमॅट करू काय?’ असा प्रश्न आला, तर होकार देऊ नये. रोजनिशीत वाचनदोषांच्या ओळी दिसू लागल्या, तर दुरुस्तीपूर्वी जेवढे वाचता येईल तेवढ्याची नक्कल दुसऱ्या तबकडीवर उतरवून घ्यावी.

ओळख पटविण्याचे काम पिढीगणिक माणसाकडून यंत्राकडे गेले. परंतु ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांतील अंतर ओळखण्याचे काम अजूनही माणसाचेच आहे. गावाला वळसा घालण्यापूर्वी त्याने एकदा आपली काख चाचपून पाहावी, एवढेच सांगणे.